तीन पिढ्या, एक जहाज: घरच्यांसोबतची पहिली क्रूझ कशी आखावी

आम्ही ११ जण होतो. सगळ्यात धाकटा दीड वर्षाचा, सगळ्यात थोरले ८१ वर्षांचे. आखणी माझ्याकडे होती आणि ती मी नको इतकी चोख केली होती. आठ वाजता सगळ्यांनी मिळून नाश्ता, दहाला सगळ्यांनी मिळून डेकवर, दुपारी सगळ्यांनी मिळून खेळ. दुसऱ्या दिवशीच्या संध्याकाळी कोणीच कोणाशी धड बोलत नव्हतं. बाळाची झोप मोडली होती, आजोबांचे गुडघे कुरकुरत होते आणि पंधरा वर्षांच्या पुतणीने कानात इयरफोन घालून आमच्याशी संबंधच तोडले होते. तिसऱ्या दिवशी मी तो कागद फाडला. जो तो आपापल्या वाटेने गेला. रात्री जेवायला भेटलो तेव्हा प्रत्येकाकडे सांगण्यासारखं काहीतरी होतं आणि वेटर टेबल आवरायला ताटकळत उभा राहिला.

क्रूझची खरी सोय हीच आहे. माणसं सुटी होतात, पण लांब जात नाहीत. म्हणून पुढे जे काही सांगितलंय, मग ती जहाजाची निवड असो की केबिनची, ते मी एकाच कसोटीवर घासून बघितलंय: यामुळे प्रत्येकाला आपापलं राहता येईल का, आणि हवं तेव्हा चटकन भेटता येईल का?

आधी माणसांची यादी, मग जहाजांची

वेबसाइट उघडण्याआधी प्रत्येकाशी एकेकट्याने बोला. सगळ्यांसमोर विचारलंत तर आजी म्हणणार, "माझं काही नाही, तुम्हाला आवडेल ते करा." एकटीला विचारलंत तर कळेल की तिला अर्ध्या तासापेक्षा जास्त उभं राहवत नाही आणि रात्री दोनदा उठावं लागतं. न बसता किती चालता येतं, किती जिने चढवतात, रोजची औषधं आणि उपकरणं कोणती, झोपेच्या वेळा काय, खाण्याची पथ्यं आणि ॲलर्जी कोणत्या, एवढं लिहून काढा. या कागदावर पुढचे निम्मे निर्णय आपोआप होतात.

वयाचे काही नियम इथेच तपासा, कारण त्यांत तडजोड चालत नाही. बहुतेक कंपन्या ६ महिन्यांखालच्या बाळाला घेत नाहीत. महासागर ओलांडणाऱ्या किंवा सलग अनेक दिवस किनारा न दिसणाऱ्या सफरींसाठी ही मर्यादा १२ महिन्यांची असते. सफर संपेपर्यंत गरोदरपणाचा २४वा आठवडा लागणार असेल तर बहुतेक कंपन्या चढू देत नाहीत. हिशेब निघण्याच्या दिवसाचा नसून परतण्याच्या दिवसाचा, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. आणि काही जहाजांवर मुलांना प्रवेशच नाही: वायकिंग आणि व्हर्जिन व्हॉयेजेस या दोन्ही कंपन्या १८ वर्षांखालच्या प्रवाशांना घेत नाहीत. सुंदर फोटो बघून हुरळण्याआधी एवढं बघून घ्यावं.

दुसरं, पैशाचं बोलणं. कोण कोणाचा खर्च करणार हे बुकिंगआधी, शब्दांत आणि आकड्यांत ठरवा. आजी-आजोबा सगळ्यांना घेऊन जात असतील तर ‘सगळं’ म्हणजे नेमकं काय? फक्त भाडं, की विमानाचं तिकीट, टिप, बंदरावरच्या सहली, मुलांचे व्हिडिओ गेमसुद्धा? संकोचापायी हा विषय टाळला की तो शेवटच्या रात्री बिलाच्या रूपाने पुढ्यात येतो. ज्या भावंडाची ऐपत कमी आहे त्याला आतली स्वस्त केबिन घेण्याची मोकळीक द्या आणि त्यावर चर्चा करू नका. केबिनमध्ये झोपायलाच तर जायचं असतं.

किती मोठं जहाज?

मोठ्या जहाजावर प्रत्येकाला काहीतरी मिळतं, हे खरं. पण मोठं म्हणजे किती, याचा अंदाज आकड्यांवरून घ्या. जानेवारी २०२४मध्ये पहिल्या सफरीला निघालेलं ‘आयकॉन ऑफ द सीज’ सुमारे ३६५ मीटर लांब आहे, त्यावर २० डेक म्हणजे मजले आहेत आणि प्रत्येक केबिनमध्ये दोघे धरले तर ५,६०० च्या वर प्रवासी मावतात. एका टोकाला केबिन आणि दुसऱ्या टोकाला जेवणाचा हॉल आला तर आजोबांची दिवसाला दोन किलोमीटरची रपेट सहज होते. त्यात कार्यक्रम सुटल्यावर लिफ्टसमोरची गर्दी. उलट ५००-७०० प्रवाशांच्या लहान जहाजावर ज्येष्ठ मंडळी खूश असतात, पण दहा वर्षांचं पोर दुसऱ्या दिवशी "आता काय करू?" म्हणत मागे लागतं.

माझं मत विचाराल तर पहिल्या खेपेला दोन ते साडेतीन हजार प्रवाशांचं मधलं जहाज बरं. पण घरात तीन-चार किशोरवयीन मुलं असतील तर खुशाल मोठं घ्या आणि चालणं केबिनच्या जागेने कमी करा. नदीवरच्या क्रूझ दिसायला शांत आणि सोप्या वाटतात, पण लहान मुलांसाठी तिथे सहसा वेगळी सोय नसते, काही बोटींवर लिफ्ट सगळ्या मजल्यांपर्यंत जात नाही, आणि बंदरावर बोटी एकमेकींना खेटून लावल्या की किनाऱ्यावर जाण्यासाठी दुसऱ्या बोटींमधून चढउतार करावी लागते.

मुलांच्या क्लबची चौकशी बारकाईने करा. बहुतेक ठिकाणी ३ वर्षं पूर्ण आणि डायपर सुटलेला, ही अट असते. त्याहून लहान मुलांसाठी पाळणाघर असलंच तर त्याचे पैसे वेगळे आणि जागा मोजक्या. वयोगटही ठरलेले असतात; ७ आणि ९ वर्षांची भावंडं वेगवेगळ्या खोल्यांत जातील आणि धाकटं रडेल, याची तयारी ठेवा. डायपरमधल्या बाळांना सहसा पोहण्याच्या तलावात उतरू देत नाहीत. काही जहाजांवर त्यांच्यासाठी पाण्याचे फवारे असलेली वेगळी जागा असते, ती आहे का ते विचारा.

मार्ग निवडताना गुडघ्यांकडे बघा

पहिल्या सफरीसाठी ५ ते ७ रात्री पुरेशा. तीन रात्रींची सफर चाखून बघायला म्हणून घेतात, पण त्यात एक दिवस चढण्यात, एक उतरण्याच्या तयारीत जातो, आणि आजींना लिफ्ट कुठे आहे हे कळेपर्यंत घरी यायची वेळ होते. दहा दिवसांहून जास्त मात्र नको. कोणाचं कोणाशी पटतं ते अजून समुद्रावर तपासलेलं नाही.

त्या ५-७ दिवसांत निदान दोन दिवस नुसत्या समुद्राचे असावेत. भूमध्य समुद्रातल्या सफरींमध्ये रोज एक नवं बंदर येतं. कागदावर भरगच्च दिसतं, पण चौथ्या दिवशी लहान आणि म्हातारी दोघंही गळून जातात. नॉर्वेचे फिओर्ड (डोंगरांमध्ये आत शिरलेल्या समुद्राच्या अरुंद खाड्या) किंवा अलास्काचा इनसाइड पॅसेज (बेटांमधून जाणारा जलमार्ग) यांसारख्या मार्गांवर निम्मं बघण्यासारखं डेकवरच्या खुर्चीतूनच दिसतं. ज्यांना चालवत नाही त्यांचं काही बुडत नाही, ही मोठी गोष्ट आहे.

प्रत्येक बंदराबद्दल दोन प्रश्न विचारा. पहिला: जहाज धक्क्याला लागतं, की समुद्रात नांगर टाकून उभं राहतं? दुसऱ्या प्रकारात लहान बोटींनी किनाऱ्यावर जावं लागतं. त्यांना टेंडर म्हणतात. पाणी हललं की जहाज आणि बोट यांच्यात फूटभर अंतर वरखाली होत राहतं, आणि लाटा जास्त असतील तर व्हीलचेअरवाल्या प्रवाशाला कर्मचारी थांबवू शकतात. आमच्या आजोबांना नेमकं अशाच एका बंदराचं अप्रूप होतं; ते दारापर्यंत गेले, खाली बोटीकडे बघितलं आणि काही न बोलता परत फिरले. मी आधी वाचलं असतं तर वेगळा मार्ग घेतला असता. ग्रीसच्या सँटोरिनी बेटावर तर बोटीतून उतरल्यावरही फिरा गाव वर कड्यावर असतं: केबल कार, खेचरं, नाहीतर साडेपाचशेहून जास्त पायऱ्या. केबल कारची रांग उन्हात तासभरही चालते. कॅरिबियनमधल्या ग्रँड केमन बेटालाही टेंडरच लागतो.

दुसरा प्रश्न: ज्या शहराचं नाव लिहिलंय ते बंदरापासून किती लांब? ‘रोम’ लिहिलेलं असतं तेव्हा जहाज चिविताव्हेक्या बंदरात उभं असतं आणि रोम तिथून ७० किलोमीटरच्या पुढे आहे. ‘पॅरिस’ म्हणजे ल हाव्र, पॅरिसपासून जवळजवळ २०० किलोमीटर. जाऊन-येऊन बसमध्ये पाच-सहा तास बसायला लहान बाळ आणि सांधेदुखी दोघंही तयार नसतात. अशा दिवशी घरच्यांची सरळ विभागणी करा. ज्यांना जायचंय ते जातील, बाकीच्यांना जवळजवळ रिकामं जहाज मिळेल. तलावाकाठची सगळ्यात चांगली खुर्ची त्या दिवशीच मिळते.

हवामानाचंही बघा. अटलांटिकमधला वादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असा धरतात, आणि कॅरिबियन त्यात येतं. त्या काळात भाडं उतरतं, पण मार्ग ऐनवेळी बदलू शकतो. शाळांच्या सुट्ट्यांमध्ये गेलात तर मुलांना सोबती मिळतील, पण क्लब, तलाव, बुफे सगळंच गजबजलेलं असेल.

केबिन: इथे घाई करू नका

सगळ्या आखणीत सर्वांत जास्त वेळ केबिनवर घालवा. साधी केबिन दीडशे-दोनशे चौरस फुटांची असते. त्यात चौघं झोपू शकतात, असं लिहिलेलं असतं. चौथा माणूस छतातून उतरणाऱ्या बंकवर, शिडी चढून. ती जागा बारा वर्षांच्या मुलाची. साठीच्या आत्याला तिथे घालायचा विचारही नको.

दोन केबिन शेजारी असणं आणि त्यांच्यामध्ये दार असणं, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आतून जोडलेल्या केबिनला ‘कनेक्टिंग’ म्हणतात. मुलं असलेल्या घरासाठी याहून चांगली रचना नाही: एकीकडे आई-बाबा, दुसरीकडे मुलं, दोन बाथरूम, मधलं दार उघडं. अशा केबिन थोड्या असतात आणि लवकर जातात. एक मात्र ध्यानात ठेवा, मधलं दार पातळ असतं. आजी-आजोबांना बाळाच्या केबिनशी जोडू नका. त्यांना दोन-तीन दारं पलीकडे, त्याच मजल्यावर ठेवा: हाक मारण्याइतकं जवळ, पण रडणं ऐकू येणार नाही इतकं लांब.

बोट लागण्याची भीती असेल तर खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मध्यभागातली केबिन घ्या. झोपाळ्याचं गणित आठवा: टोकं जास्त हलतात, मधला भाग कमी. जहाजांना बाजूने पाण्यात पंखांसारखे स्थिरक असतात, ते डावी-उजवीकडचं झुलणं बरंच कमी करतात. पुढच्या आणि मागच्या टोकाचं वरखाली होणं मात्र त्यांनी थांबत नाही. लिफ्टपासून चार-सहा दारांवर असलेली केबिन ज्येष्ठांना सोयीची, अगदी लिफ्टला लागून असलेली गोंगाटाची. मग जहाजाचा नकाशा घेऊन वरचा आणि खालचा मजलाही बघा. डोक्यावर तलावाचा डेक असेल तर पहाटे खुर्च्या ओढण्याचा आवाज येतो, खाली नाट्यगृह असेल तर रात्री अकरापर्यंत ढोल. वर आणि खाली दोन्हीकडे केबिनच असतील ती जागा बिनधास्त घ्या.

व्हीलचेअर असेल तर खास केबिन लागते. तिचं दार रुंद असतं, न्हाणीघराला उंबरठा नसतो, आधाराच्या दांड्या असतात. साध्या केबिनमध्ये न्हाणीघराच्या दाराशी चार-सहा इंचांचा उंचवटा असू शकतो. रात्रीच्या अंधारात ज्येष्ठ माणूस तिथेच अडखळतो. खास केबिन मोजक्याच असतात, म्हणून वर्ष-दीड वर्ष आधी बुकिंग करा. आणि बॅटरीवर चालणारी स्कूटर नेणार असाल तर तिची रुंदी मोजून कळवा, कारण ती केबिनच्या आतच ठेवावी लागते, बोळात नाही.

‘गॅरंटी’ नावाचा स्वस्त प्रकार दिसेल. त्यात फक्त केबिनचा वर्ग ठरतो, नंबर कंपनी नंतर देते. दोघं तरुण असतील तर उत्तम. तीन पिढ्यांना घेऊन मात्र हा जुगार खेळू नका. आजी सातव्या मजल्यावर मागच्या टोकाला आणि तुम्ही दुसऱ्यावर पुढच्या टोकाला, असं होऊ शकतं.

बाल्कनी घ्यावी का? बाळ दुपारी झोपतं तेव्हा आईला बसायला ती एकच जागा असते. त्या एका केबिनला जरूर घ्या, सगळ्यांना लागेलच असं नाही. तिथेच संध्याकाळी सगळे जमा होतात, हा अनुभव. लहान मुलं असतील तर बाल्कनीतली खुर्ची-टेबल कठड्यापासून दूर ठेवा आणि दाराची वरची कडी कायम लावा.

बुकिंग करताना

भाडं एका केबिनमध्ये दोघे धरून सांगितलेलं असतं. एकट्या आजी वेगळ्या केबिनमध्ये राहणार असतील तर जवळजवळ दोघांचं भाडं पडू शकतं. तिसऱ्या-चौथ्या माणसाला मात्र तेच भाडं बरंच कमी पडतं. त्यामुळे आजीसोबत एखादी मोठी नात ठेवली तर हिशेबही जमतो आणि बहुतेक वेळा दोघींनाही ते आवडतं. केबिनमध्ये एक तरी प्रौढ हवा, आणि काही कंपन्या त्यासाठी २१ वर्षांची अट घालतात, तेही बघा.

सगळ्या बुकिंगचे क्रमांक एकमेकांशी जोडून घ्या, नाहीतर जेवणाची टेबलं वेगवेगळ्या टोकांना येतात. बऱ्याच कंपन्या ८ किंवा जास्त केबिन एकत्र घेतल्या तर समूह मानतात आणि काही सवलत देतात. केबिन तेवढ्या असतील तर मध्यस्थ एजंट घेणंच शहाणपणाचं. ११ जणांचे फेरबदल फोनवर करत बसण्याचा पराक्रम मी केलाय, पुन्हा करणार नाही. एक विचित्र गोष्टही सांगून ठेवते: जहाजावर केबिन रिकाम्या दिसत असूनही तिसरा किंवा चौथा माणूस घ्यायला नकार मिळू शकतो. कारण त्या भागातल्या लाइफबोटींची प्रवासीसंख्या भरलेली असते. म्हणून "बाळाचं नंतर बघू" म्हणू नका. तान्हं बाळही मोजलं जातं.

उरलेली रक्कम भरण्याची शेवटची तारीख बऱ्याचदा निघण्याच्या ७५ ते १२० दिवस आधी असते, आणि तिच्यानंतर रद्द केलं तर पैसे झपाट्याने बुडतात. ती तारीख सगळ्यांच्या फोनमध्ये टाका.

कागद, विमा, औषधं

पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर निदान सहा महिने चालणारा असावा. बुकिंगमधलं नाव पासपोर्टवरच्या नावाशी अक्षरन् अक्षर जुळायला हवं. लाडाचं किंवा माहेरचं नाव इथे चालत नाही. व्हिसा मार्गावरच्या प्रत्येक देशाचा तपासा, कारण जहाजावरून उतरणार नसलात तरी काही देश तो मागतात. शेंगेन भागातून (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांतून) बाहेरच्या बंदरावर जाऊन पुन्हा आत येणार असाल तर एका प्रवेशाचा व्हिसा पुरणार नाही. आजी-आजोबा आई-वडिलांशिवाय नातवंडांना नेणार असतील तर पालकांचं सहीशिक्क्याचं संमतिपत्र सोबत हवं.

विमा न घेता ज्येष्ठांना समुद्रावर नेऊ नका. जहाजावर डॉक्टर, परिचारिका आणि छोटा दवाखाना असतो, पण तो मोफत नाही आणि मोठं रुग्णालयही नाही. गंभीर प्रसंगी रुग्णाला पुढच्या बंदरावर उतरवतात किंवा हेलिकॉप्टरने नेतात, आणि त्याचं बिल घर हादरवणारं असतं. पॉलिसीत दोन गोष्टी शोधा: आधीपासूनच्या आजारांना संरक्षण आहे का, आणि रुग्णाला हलवण्याचा खर्च मिळतो का. पहिला हप्ता भरल्याबरोबर विमा घ्या. आधीच्या आजारांसाठीची मुदत अनेक पॉलिसींमध्ये तेव्हापासून सुरू होते.

औषधं ठरलेल्या दिवसांहून चार-पाच दिवस जास्तीची, मूळ वेष्टनात, चिठ्ठीसह, आणि हातातल्या पिशवीतच. ऑक्सिजनचं यंत्र किंवा इंजेक्शनसाठी फ्रिज लागणार असेल तर महिनोन् महिने आधी कळवावं लागतं.

बोट लागण्यावरच्या गोळ्यांबद्दल एक कळकळीची सूचना. तरुणांना त्यांनी बहुधा झोप येते. वयस्कर माणसांना काही औषधांनी, विशेषतः कानामागे लावायच्या स्कोपोलामाइनच्या पट्टीने, गोंधळल्यासारखं होऊ शकतं. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर ती घातकही ठरू शकते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय शेजाऱ्याने दिलेली पट्टी लावू नका. औषध त्रास सुरू होण्याआधी घ्यायचं असतं, नंतर नाही. बाकी मोकळी हवा, क्षितिजाकडे नजर, आल्याचा तुकडा आणि पोट अगदी रिकामं न ठेवणं, याने पुष्कळांचं भागतं.

जहाजावरचा पैसा

जहाजावर रोख पैसे चालत नाहीत. केबिनचं कार्डच खिसा असतो. कोणतं कार्ड कोणाच्या खात्याला जोडायचं हे चढण्याआधी ठरवा आणि मुलांच्या कार्डांवर मर्यादा घाला किंवा खरेदी बंद करा. भाड्यात मुख्य हॉलमधलं जेवण आणि बुफे येतं. खास रेस्टॉरंट, बहुतेक शीतपेयं, इंटरनेट, फोटो, सहली हे सहसा वेगळं. बहुतेक कंपन्या टिप माणशी रोज खात्यावर लावतात, मुलांचीसुद्धा. ११ जणांची आठवड्याची बेरीज आधीच करून ठेवा. पेयांचं पॅकेज एका प्रौढाने घेतलं तर त्याच केबिनमधल्या दुसऱ्यालाही घ्यावं लागतं, असा नियम बऱ्याच ठिकाणी असतो. केबिनची वाटणी करताना याचा उपयोग होतो: पिणारे एकीकडे, न पिणारे एकीकडे.

फोन निघताना विमान मोडवर टाका. समुद्रात जहाजाचं स्वतःचं मोबाइल नेटवर्क पकडलं की बिल भयानक येतं. आपसातल्या निरोपांसाठी बहुतेक जहाजांच्या ॲपमध्ये गप्पांची सोय असते. आजोबांना ते जमत नसेल तर दारावर चुंबकाने अडकवलेली वही घ्या. केबिनच्या भिंती सहसा लोखंडी असतात, त्यामुळे चुंबकाचे हुक हे सोबत नेण्याजोगं सगळ्यात उपयोगी सामान आहे. "आजी ग्रंथालयात, साडेपाचला येते" ही आमच्या वहीतली नोंद अजून जपून ठेवलीय.

रोजचा एक खुंटा

मी कागद फाडल्यावर आम्ही एवढंच ठरवलं: रात्रीचं जेवण एकत्र, बाकी दिवस ज्याचा त्याचा. जेवणाची वेळ दोन प्रकारची मिळते, रोज ठरलेली किंवा हवी तेव्हा. मोठ्या कुटुंबाने ठरलेली घ्यावी, आणि तीही लवकरची, साधारण सहाच्या सुमाराची. बाळं पेंगत नाहीत, ज्येष्ठांना पचतं आणि रोज तेच वेटर असतात. तिसऱ्या दिवशी त्यांना आजीचं पथ्य न सांगता कळतं. ॲलर्जी आणि पथ्यं बुकिंगच्या वेळी लिहून द्या, आणि चढल्यावर तोंडीही सांगा.

आजी-आजोबांना फुकटचं पाळणाघर समजू नका. कोणत्या दोन संध्याकाळी ते नातवंडं सांभाळणार हे त्यांनाच ठरवू द्या आणि बाकीच्या दिवशी विचारूही नका. किशोरवयीन मुलांना परतीची वेळ आणि हद्द सांगून मोकळं सोडा. ज्याच्याकडे आखणी आहे त्यानेही एक अख्खा दिवस ‘मला काही विचारू नका’ म्हणून जाहीर करावा. मी तो समुद्राच्या दिवशी घेतला. कोणाचंही काही अडलं नाही, याचं थोडं वाईटही वाटलं.

चढण्याचा दिवस

बंदराच्या गावी आदल्या दिवशीच पोहोचा. विमान उशिरा आलं म्हणून जहाज थांबत नाही. मोठ्या बॅगा धक्क्यावर देऊन टाकायच्या असतात आणि त्या केबिनशी संध्याकाळपर्यंत येतात, म्हणून पासपोर्ट, औषधं, डायपर, पोहण्याचे कपडे आणि एक स्वेटर हातातल्या पिशवीत. इस्त्री, मेणबत्त्या आणि सर्ज प्रोटेक्टर (विजेचा दाब अचानक वाढला तर उपकरणं वाचवणारी सोय) असलेली वीजपट्टी सोबत घेऊ नका. तपासणीत काढून घेतात.

मग सुरक्षेची कवायत. ती टाळायची नाही आणि मुलांपुढे तिची थट्टाही करायची नाही. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या जिल्यो बेटाजवळ ‘कोस्टा कॉनकॉर्डिया’ खडकावर आपटलं आणि ३२ जणांचा जीव गेला. त्याच संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत तोवर झालेलीच नव्हती. तेव्हाचा नियम २४ तासांच्या आत, असा होता. १ जानेवारी २०१५पासून ती जहाज सुटण्याआधी किंवा सुटल्याबरोबर घेणं बंधनकारक झालं. सात छोटे भोंगे आणि एक लांब, हा धोक्याचा इशारा मुलांना तोंडाने वाजवून दाखवा, त्यांना तो चटकन पाठ होतो. मुलं क्लबमध्ये असताना इशारा झाला तर त्यांना कोण आणणार, हे क्लबमध्येच विचारून घ्या. धावत उलट दिशेने जाणारे आई-बाप ही खरी अडचण असते. आजोबांसोबत कोण जाणार, तेही नावानिशी ठरवा.

पहिल्या संध्याकाळी ज्येष्ठांना घेऊन केबिन ते जेवणाचा हॉल ही वाट दोनदा चाला. सगळे बोळ सारखेच दिसतात. ज्यांना विसर पडतो त्यांच्या खिशात केबिन नंबरची चिठ्ठी ठेवा आणि दारावर ओळखीचं काहीतरी लावा, नातवंडाने काढलेलं चित्र उत्तम. बऱ्याच जहाजांवर तलावाशी जीवरक्षक नसतात. पाण्याजवळ कोणता मोठा माणूस कोणत्या मुलाकडे बघतोय हे मोठ्याने ठरवा, नाहीतर सगळे बघताहेत असं समजून कोणीच बघत नाही.

हात साबण-पाण्याने धुवा. जहाजांवर पोट बिघडवणाऱ्या नोरोव्हायरसवर दारापाशी मिळणारा अल्कोहोलचा जेल फारसा चालत नाही.

बंदरावर उतरताना

घड्याळ जहाजाच्या वेळेवर ठेवा. फोन आपोआप स्थानिक वेळ दाखवतो आणि दोन्हींत तासाचा फरक असू शकतो. परतण्याची वेळ जहाज सुटण्याच्या निदान अर्धा तास आधीची असते. जहाजाकडून घेतलेली सहल उशिरा आली तर ते थांबतं. तुम्ही स्वतः ठरवलेल्या गाडीसाठी थांबत नाही. म्हणून लांबच्या ठिकाणी कंपनीची सहल घ्यावी आणि जवळच्या ठिकाणी स्वतःची गाडी ठरवावी. आठ-दहा जणांत एक मोठी गाडी भाड्याने घेणं अनेकदा स्वस्त पडतं, आणि बाळाला भूक लागली की थांबवता येते.

शेवटची रात्र

मोठ्या बॅगा रात्री दाराबाहेर ठेवायच्या असतात. त्या रातोरात खाली जातात आणि सकाळी धक्क्यावरच भेटतात. ज्येष्ठ सोबत असतील आणि सामान आवाक्यातलं असेल तर बॅगा स्वतःच घेऊन उतरण्याची सोय घेऊ नका. लिफ्टसमोर त्या सकाळी जी रेटारेटी होते ती त्यांच्यासाठी नाही. गर्दी ओसरल्यावर उतरायला मिळेल असा उशिराचा क्रमांक मागा. मात्र परतीचं विमान दुपारनंतरचं ठेवा.

बॅगा बाहेर काढण्याआधी प्रत्येकाचे सकाळचे कपडे, औषधं, चष्मे, दातांची डबी बाजूला निघाली आहे का, ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. आम्ही सगळं बघितलं, बूट बघायचे राहिले. आजोबा सकाळी सूट आणि केबिनमधल्या पांढऱ्या सपाता घालून, काठी टेकत, अतिशय रुबाबात जहाजावरून उतरले.